सकाळी कडक, दुपारी नरम

वय झाल्याशिवाय आठवणी लिहू नयेत, असं माझ्या आत्याचं मत आहे. तिच्या मते तिशीच्या आतल्या बाईकडे सांगण्यासारखं काही नसतं, आणि असलंच तर तिनं ते झाकून ठेवावं. झाकून ठेवण्यातच माझी आजवरची वर्षं गेली. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. घरी चुकून इंग्रजी शब्द निसटला की काका चारचौघांत त्याची नक्कल करायचे. म्हणून मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. गप्प बसणाऱ्याला बाकीच्यांपेक्षा जास्त दिसतं, असा माझा समज होता. त्या हिवाळ्यात मात्र एक गोष्ट मला सगळ्यात शेवटी दिसली, आणि ती रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेली असायची.

आमचं घर चामोर्शीला. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिच्या पाळ्या ठरलेल्या नसायच्या. बाबा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला, ते शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. मधले सगळे दिवस घर सुमनआत्याच्या ताब्यात. आत्या बाबांची थोरली बहीण. तिकडे धानोऱ्याच्या पुढच्या जंगलातल्या एका गावात तिचं सासर होतं. मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यावर ती आमच्याकडे आली ती एक ट्रंक, एक पाटा आणि मोहाच्या बियांच्या तेलाची कॅन घेऊन. मोहाच्या बियांना आमच्याकडे टोळी म्हणतात. टोळीचं तेल पिवळट असतं, त्याला एक कडवट उग्र वास असतो, आणि आत्याच्या मते जगातल्या प्रत्येक करकरणाऱ्या वस्तूवर तेच एक औषध होतं. दाराच्या बिजागऱ्या, विहिरीची गडगडी, शिलाई मशीन, गुडघे, भेगाळलेल्या टाचा. त्यातच ती वडाभातातले वडे तळायची. आईला वास सहन होत नसे, पण वडे ती दोन जास्तच खायची. शेजारच्या घरात काका राहायचे, बाबांचे धाकटे भाऊ. मधे फक्त कमरेएवढी भिंत, त्यामुळे आमच्या घरात काय शिजतंय आणि काय बिघडलंय ते काकांना आमच्याआधी कळायचं.

सायकल बाबांनी आणली होती. कारखान्याच्या कॉलनीतला एक साहेब बदली होऊन निघाला होता, त्याच्या पोराची ती जुनी माउंटन बाईक. जाड टायर, आणि पुढच्या चाकाला मोटारसायकलसारखे दोन शॉकअप. खड्डा आला की ते आत दबायचे आणि परत वर यायचे, हाताला धक्का लागायचा नाही. मी अकरावीत होते. मला बोलायला कुणी मैत्रीण नव्हती आणि नको होती. पहाटे उठून मार्कंड्याच्या रस्त्याला लागायचं, मधेच डावीकडे जंगलाच्या पायवाटेत शिरायचं, वैनगंगेच्या काठच्या दगडगोट्यांवरून सायकल घालायची आणि आई ड्युटीवर जायच्या आत परतायचं. एवढ्या वेळात मला कुणी काही विचारायचं नाही. त्या सायकलवर मी जितकी मोकळी होते तितकी नंतर आयुष्यात फार कमी ठिकाणी झाले.

कॉलेजच्या खेळाच्या सरांनी एकदा मला त्या वाटेवर पाहिलं आणि चंद्रपूरला होणाऱ्या विभागीय निवड चाचणीसाठी माझं नाव देऊन टाकलं. मुलींमधून पहिल्या तिघी पुढे जाणार होत्या. घरी हे कळल्यावर काका भिंतीवरून आमच्या ओसरीवर आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचं चाललंच होतं. "पोरीच्या जातीले कायले पायजे एवढी भारी सायकल? माहा रोशन पोलिस भरतीची तयारी करून राह्यला. त्याच्या मांड्या तयार होतीन." रोशनकडे मोटारसायकल होती, आणि तो ग्राउंडवर तिच्यावरूनच जायचा, हे ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. बाबांना भांडण नको असतं. ते म्हणाले, "चाचणी होऊ दे. निवड झाली तर पल्लवी चालवंन. नाई झाली तर ने मंग तू." काका म्हणाले, "पक्कं?" बाबा म्हणाले, "पक्कं." मी कप उचलून आत गेले. माझ्या सायकलचा सौदा माझ्याच हातच्या चहावर झाला, आणि मला साखर बरोबर आहे का एवढंच विचारायला मिळालं.

पावसाळ्याच्या चिखलानं शॉकअप कुरकुरायला लागले होते. दसऱ्याच्या सुट्टीत मी ते घरीच उघडायचं ठरवलं. मोबाइलवर परदेशातल्या एका माणसाचा व्हिडिओ सापडला होता. त्याचं टेबल आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होतं. मी ओसरीवर पोतं अंथरलं, चाक काढलं, खालचे दोन बोल्ट सोडले आणि त्याच्या रबरी हातोड्याच्या जागी आमची कपडे धुवायची मोगरी वापरली. शॉकअपचे खालचे पाय सुटून हातात आले आणि आतून काळं पाणी सांडलं. आत्याच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी मी सगळं लख्ख पुसलं. आता दोन्ही पायांत थोडं थोडं तेल भरायचं, आतल्या स्पंजच्या कड्या त्याच तेलात भिजवायच्या आणि परत बसवायचं. तेल मात्र खास लागतं, शॉकअपचं. त्यासाठी बस स्टँडजवळच्या गाड्यांच्या पार्टच्या दुकानात गेले. दुकानासमोरच्या बाकड्यावर तीन-चार जण तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते. मी घरून पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं, "सस्पेन्शन फोर्कचं ऑइल आहे का?"

"कोन्ती गाडी, मॅडम?"

"सायकल."

दुकानदार हसला नाही, आधी त्यानं बाकड्याकडे पाहिलं. मग सगळे मिळून हसले. "सायकलले ऑइल! मॅडम, खोबऱ्याचं तेल घेऊन जा. उरलं तं केसाले होते." त्यांच्या हसण्यात फार विष नव्हतं, हे आता कळतं. पण तेव्हा माझे कान तापले. खरं तर ते तेल माझ्यासमोरच फळीवर, मोटारसायकलच्या सामानात उभं होतं. मी बोट दाखवू शकले असते. मी वळले आणि घरी आले.

आत्यानं माझा चेहरा पाहिला. ट्रंकेमागून कॅन काढली. "कायले बाजार हिंडतं? हे घे. आमच्या गावात बंडीच्या आसाले हेच घालत. चार कोस आवाज नाई." मी बोटांत घेऊन पाहिलं. पातळ होतं, बुळबुळीत होतं, आणि मुख्य म्हणजे ते मागायला कुणासमोर उभं राहावं लागत नव्हतं. मी टोळीचं तेल भरलं. व्हिडिओवाल्यानं सांगितलं होतं त्यापेक्षा थोडं जास्तच, कारण चांगली गोष्ट जास्त घातली की जास्त चांगली होते असं आमच्या घरात सगळेच मानतात. शॉकअप लोण्यासारखे चालायला लागले. आत्यानं स्वतः येऊन हँडल दाबून पाहिलं. "पाय, कशी दबते!" ती म्हणाली, जणू सायकल तिनंच शोधून काढली होती.

दिवाळीनंतर धान कापणीला आलं, शेताशेतांतून मळणीच्या मशीनचा आवाज सुरू झाला, आणि एका पहाटे मी पायवाटेवर शिरले तर सायकलनं मला हातोडीसारखं हाणलं. शॉकअप दबेनात. दगडावर चाक चढलं की धक्का थेट मनगटात. नदीपर्यंत जाईस्तोवर तळहात सुन्न झाले. परत आल्यावर मी शॉकअपमधली हवा तपासली, बरोबर होती. तरी थोडी कमी केली. कॉलेजातून आल्यावर ओसरीवर दाबून पाहिलं, छान दबले. झालं, हवा जास्त होती. दुसऱ्या पहाटे परत लाकूड.

मग माझा शोध सुरू झाला. व्हिडिओंत आणि लोकांच्या प्रश्नोत्तरांत जी जी कारणं सापडली ती मी एकेक करून घेतली. घरी जोडताना खालच्या पायांत हवा कोंडली असेल, तर रबराच्या कडेखाली प्लास्टिकची पट्टी सरकवून ती सोडायची. सोडली. चाकाचा आस जास्त आवळला तर दोन्ही पाय एकमेकांकडे ओढले जातात. सैल केला. हवेच्या खोलीत ग्रीस जास्त झालं असेल. वरचं टोपण उघडून पुसलं. आणि गंमत अशी की प्रत्येक उपाय लागू पडायचा. दुपारी कॉलेजातून आल्यावर मी उन्हात बसून जे काही करायची, ते केल्यावर शॉकअप मऊ व्हायचे. मी आनंदानं झोपायची आणि पहाटे तेच. आज हे लिहिताना मला माझी दया येत नाही, हसू येतं. एवढी हुशार मुलगी, आणि घड्याळाकडे पाहायचं सुचलं नाही.

काकांना अर्थातच सगळं दिसत होतं. भिंतीवर कोपरं टेकून ते दात घासत. "काऊन बाई पल्लवी, बसला का शॉकअप? म्हनलं होतं मी, कंपनीची वस्तू खोलू नये." एकदा त्यांनी ओळखीचा मेकॅनिक बोलावला. तो भर दुपारी आला. त्यानं हँडल दाबलं, सोडलं, परत दाबलं. "हे तं मस्त चालून राह्यलं भाऊ."

"सकाळी चालत नाही," मी म्हटलं.

"सकाळी तुमचे हात कडक राहत असतीन ताई."

काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. रोशन हसला नाही. तो माझ्याहून थोडाच मोठा होता, आणि बापाच्या हसण्यात सामील न होण्याइतका भला.

चाचणी सोमवारी होती, त्याआधीच्या शनिवारी बाबा आले. जेवायला पोपटीच्या ओल्या शेंगांच्या दाण्यांची भाजी होती, बाबांची आवडती. आत्या भाकरी टाकत होती, आणि काका जेवून आले असूनही आमच्या ताटाशी बसले होते. "दादा, पोरीनं सायकल खराब करून टाकली. उद्याच्या उद्या रोशन तिले चंद्रपूरले नेते, दुकानात खोलून आनते. मंग सोमवारी ज्याले चालवाची त्यानं चालवावी." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची नजर थकलेली होती, आणि तिच्यात होकाराची अपेक्षा होती. आमच्या घरात मी कधी नकार दिला नव्हता. मी फक्त खोलीत निघून जायची, आणि त्याचा अर्थ ज्याला हवा तसा तो लावायचा.

"नाही," मी म्हटलं. आवाज बारीक आला, म्हणून परत म्हटलं. "नाही. मी उघडली आहे, मीच पाहीन. तिला दुसरं कुणी हात लावायचा नाही."

आत्याची भाकर तव्यावर करपली. काका म्हणाले, "बापरे, बोलते वाटते हे!" बाबांनी पाण्याचा पेला उचलला, परत खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्याचा दिवस आहे तुझ्याजवळ." एवढंच. पण काकांनी भाजी मागून घेतली नाही, यावरून मला कळलं की काहीतरी हललं आहे.

रविवारी सकाळी मी सायकल घेऊन ओसरीवर बसले. शॉकअप लाकडासारखे. मला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून मी नुसती पाहत बसले. अंगणात आत्या पाय पसरून उन्हाची वाट बघत होती. थंडी पडली की तिच्या टाचा फुटायच्या. भिंतीवर, जिथे पहिलं ऊन पडतं तिथे, तिची काचेची बाटली ठेवलेली. तीच बाटली, दिवाळीपासून रोज. आत्यानं ती उचलली, उलटी केली, तळहातावर आपटली. काही पडलं नाही.

"आत्या, संपलं का?"

"संपते कायले? गोठलं." तिनं बाटली माझ्याकडे केली. आत पांढरंफटक, तुपासारखं घट्ट. "थंडीत गोठतेच ते. दुपारी पाय, कसं पानी होते."

मी बाटलीकडे पाहिलं आणि मग सायकलकडे. मी सायकल उचलून भिंतीशी नेली, शॉकअपवर ऊन पडेल अशी उभी केली आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. आत्याला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. ऊन चढलं, आत्याच्या बाटलीतलं तेल कडेनं पिवळं व्हायला लागलं, मधे पांढरा गोळा तरंगायला लागला. मी हँडल दाबलं. जरासं दबलं. बाटलीतला गोळा विरघळला तेव्हा शॉकअप लोण्यासारखे झाले. आंघोळीलाही न जाता मी सायकल परत गार व्हायला सावलीत उभी केली आणि चपला घालून सरळ पार्टच्या दुकानात गेले.

बाकडं भरलेलं होतं. रविवार होता. दुकानदारानं मला ओळखलं. "मॅडम! खोबऱ्याचं तेल पायजे?" बाकड्यावर हसू पसरलं. माझे कान पहिल्यासारखेच तापले; त्या बाबतीत काही बदल झाला नव्हता, आजही होत नाही. पण उद्या पहाटे मला चाचणीला जायचं होतं, आणि वळून घरी गेल्याचं फळ मी महिनाभर मनगटात सोसलं होतं. मी सगळ्यांचं हसून होईपर्यंत उभी राहिले. त्याला बराच वेळ लागतो, समोरचा उभाच राहिला तर हसणाऱ्यांची पंचाईत होते.

"झालं?" मी म्हटलं. "आता तो डबा द्या. दुसऱ्या फळीवरचा. मोटारसायकलच्या शॉकअपचं ऑइल. सगळ्यात पातळ कोणतं आहे ते."

"सायकलमधी टाकाले?"

"हो भाऊ, सायकलमधी. माह्या सायकलमधी."

त्यानं डबा काढून दिला. बाकड्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "दे ना बे लवकर, पोरीले काम असंन." कुणी हसलं नाही.

घरी येऊन मी मुद्दाम ओसरीच्या मधोमध पोतं अंथरलं, आतल्या खोलीत नेऊन गुपचूप करता आलं असतं तरी. बाबा खुर्ची घेऊन बसले, काका भिंतीवर आले, रोशन त्यांच्या मागे. सावलीत उभ्या केलेल्या सायकलचे पाय मी सोडले तेव्हा आतून तेल सांडलं नाही. अर्धवट गोठलेला, काळपट पांढरा लगदा बाहेर आला. स्पंजच्या कड्या तर मेणात बुडवून काढल्यासारख्या झाल्या होत्या.

"हे का होय?" काकांनी विचारलं.

"टोळीचं तेल," मी म्हटलं. "मी टाकलं होतं. थंडीनं गोठतं. म्हणून सकाळी कडक, दुपारी नरम."

काकांना हा आनंद एकट्यानं झेपेना. त्यांनी काकूला हाक मारली, पलीकडच्या घरातल्या माणसाला हाक मारली. "ऐकलं का? सायकलमधी टोळीचं तेल! मंग वडे का नाई तळले तिच्यात? सुमनबाई, हे तुहंच डोकं दिसते!"

आत्या दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. मी काहीतरी म्हणणार होते, "आत्याला काही म्हणायचं नाही, टाकलं मी" असंच, पण तेवढ्यात तीच पुढे आली. "तेलाले नावं ठेवू नको गा. तुह्या लग्नातल्या पुऱ्या याच तेलातल्या होत्या. तीन पंगती झाल्या, तवा नाई गोठली तुही जीभ." बाबा खुर्चीत हसले. त्यांना मी तसं पोट धरून हसताना फार वर्षांनी पाहत होते. मी गरम पाण्यात साबण घालून सगळं धुतलं, उन्हात वाळवलं, नवं तेल मापानं घातलं, यावेळी व्हिडिओवाल्यानं सांगितलं तेवढंच.

सोमवारी बाबांनी पहाटेची गाडी सोडून दिली आणि मला जीपनं चंद्रपूरला नेलं. जंगलाच्या कडेची वाट होती, गवतावर दव, बोलताना तोंडातून वाफ. सुरुवातीच्या उतारावरच मोठे दगड होते. पहिल्या दगडाला मी दात आवळले. शॉकअप आत गेले आणि वर आले, काही आवाज न करता. मला पुढच्या मुली दिसत होत्या, माझ्या श्वासाचा आवाज येत होता, आणि हात माझे होते. मी चौथी आले.

पहिल्या तिघी पुढे गेल्या. सरांनी पाठीवर हात ठेवला. जीपमध्ये बाबा म्हणाले, "काकाले शब्द दिला आहे मी." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. शब्द त्यांनी दिला होता, काकांनी घेतला होता. मी त्या दिवशी चहा दिला होता, एवढाच त्यात माझा भाग.

संध्याकाळी काका रोशनला घेऊन आले तेव्हा मी ओसरीवर होते. पोत्यावर पुढचं चाक होतं, शॉकअपचे पाय होते, स्पंजच्या कड्या, दोन बोल्ट, साखळी, पायडल, हँडल. चंद्रपूरहून आल्यापासून मी तेवढंच केलं होतं.

"हे का करून ठेवलं?" काका म्हणाले.

"सर्व्हिस."

"कालच तं केली!"

"न्यायची तर न्या," मी म्हटलं. "पोत्यासकट. जोडणारा शोधा फक्त."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा पेपर वाचत होते. तो आदल्या दिवशीचा होता. रोशननं वाकून एक बोल्ट उचलला, फिरवून पाहिला आणि जिथला होता तिथेच अलगद ठेवला. "मले नाई पायजे बाबा," तो म्हणाला. "मी गाडीनंच जातो." तो भिंत ओलांडून गेला. आत्यानं आतून चहाचं विचारलं तर काका नको म्हणून गेले.

सायकल पुढचे कितीतरी दिवस त्या पोत्यावर तशीच होती. आई त्यावरून पाय उचलून टाकत ड्युटीवर जायची, आत्या झाडताना पोत्याभोवती झाडायची. एका शनिवारी सकाळीच आलेल्या बाबांनी चपला काढता काढता विचारलं, "जोडता येते ना तुला?"

"येते."

"मंग कधी जोडतं?"

मी भिंतीपलीकडे पाहिलं. काका कोपरं टेकून उभे होते, दात घासत होते, आणि फार दिवसांनी त्यांची नजर आमच्या ओसरीवर नव्हती. मी पाना उचलला.